पंचवीस सिगारांचं वाळवण

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही लावणीला आणि मोह वेचायला सुट्ट्या घेत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घ्या. जहाजावर असताना रद्दी बिलांच्या कोऱ्या बाजूवर लिहून लिहून हात थोडा वळला, म्हणून एवढं तरी जमतं. तोंडाने मला सांगता येत नाही. शहापूरच्या बाजारात कुणी विचारलं, "हिराबाय, जहाजावर काय काम करायच्या तुमी?" तर मी "साफसफाई" म्हणते आणि भाजीकडे बघते. बचत गटातल्या बायांनी दिवाळीच्या हस्तलिखित अंकासाठी लिही म्हटलं, तेव्हाही मी मान हलवून नको म्हटलं. पण घरी येऊन ही वही काढली. द्यायची की नाही ते नंतर बघीन.

माझं माहेर मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याला. सासर शहापूरला. तानशाच्या बाजूला एका रिसॉर्टमध्ये मी बारा वर्षं खोल्या झाडल्या. तिथले मॅनेजर पारकर साहेब मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांचे आजे-पणजे बोटीवर नोकऱ्या करत आलेले. पुढे ते मुंबईहून सुटणाऱ्या सहलीच्या जहाजावर गेले आणि जाताना ठेकेदाराला सांगून मलाही घेऊन गेले. मीच का, तर मी बोलत नाही म्हणून.

"बोलणारी माणसं तिथे बख्खळ आहेत," ते म्हणाले. "मला तोंड मिटून काम करणारी बाई पाहिजे."

नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "जा. भात मी बघतो. पण बुडू नको."

जहाज म्हणजे पाण्यावरचं आठ मजली हॉटेल. तीन-चार दिवस गोव्याकडे, कधी त्याच्याही खाली, की परत मुंबई. सातव्या मजल्यावर मागच्या अंगाला एक खोली होती. चामड्याच्या खुर्च्या, एक भिंत पूर्ण काचेची, तिच्यापलीकडे जहाजाने मागे टाकलेली पांढरी वाट. तिथे फक्त दोन गोष्टी मिळायच्या, भारी सिगार आणि भारी दारू. माझी ड्युटी त्या खोलीत. राखेच्या थाळ्या, पेले, काच, आणि सिगारचं कपाट बाहेरून पुसणं. हे मी गावात सांगितलं नाही. दारूच्या खोलीतली बाई म्हटलं की पुढचं लोक आपल्या मनाने जोडतात.

दारूच्या फळीमागे लोबो होता. गोव्याचा, पन्नाशीचा, केस पांढरे, जीभ तिखट. त्याने मला पहिल्या आठवड्यात रीत शिकवली. सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडात फिरवायचा आणि सोडायचा. राख झटकायची नाही, ती आपोआप पडू द्यायची. जितकी लांब राख टिकेल तितका माल चांगला. चोळून विझवायचा नाही, थाळीत ठेवला की आपला आपण विझतो. आणि जुनी व्हिस्की घटाघटा प्यायची नाही. आधी हुंगायची, मग दोन थेंब पाणी, मग परत हुंगायची. तासभर एक पेला आणि एक सिगार. गिऱ्हाईक त्या तासाचे पैसे देतं, असं लोबो म्हणायचा.

हे सगळ्यांना माहीत असायचं असं नाही. एका शेठने सिगारचं टोक दाताने तोडून थुंकलं आणि मला विचारलं, "चुना आहे का?" एका नव्या नवरदेवाने न पेटवता पस्तीस-चाळीस फोटो काढून घेतले आणि सिगार परत केला. वर म्हणाला, "वापरलेला नाही." एकाने अठरा वर्षं जुन्या व्हिस्कीत सोडा आणि लिंबू मागितलं. लोबोने दिलं, पण त्याचं तोंड मयताला आल्यासारखं झालं होतं.

एकदा आमच्याच मुरबाडकडचे एक पुढारी आले. मी थाळी बदलायला गेले, माझा "हां, आणते" ऐकला आणि त्यांनी मान वर केली. "तुमी आमच्या इकडच्या का गो?" मी थाळी उचलली. ते इकडेतिकडे बघून म्हणाले, "गावात बोलू नका हां. माळ आहे माझ्या गळ्यात." मी म्हटलं, "तुमी पण बोलू नका." दोघांनीही शब्द पाळला. आजही बाजारात समोर आले की ते वर आभाळाकडे बघतात आणि मी वांग्यांकडे.

आता माझी चूक सांगते.

ऑक्टोबर होता, मला कामाला लागून तीन आठवडे झाले होते. पारकर साहेब त्या दिवशी गोव्याला कामासाठी उतरले होते आणि कपाटाची किल्ली लोबोकडे होती. मला वाटलं, आतूनही एकदा साफ करावं. त्याच्या फळीवरून किल्ली उचलून उघडलं तर आत ओल. लाकूड दमट, हवा दमट. सगळ्यात वरच्या पेटीत पंचवीस सिगार, बोट लावलं तर मऊ, आणि अंगावर पिठासारखी पांढरी पूड. बुरशी! आमच्याकडे पावसाळा सरला की घरातलं सगळं बाहेर येतं. गोधड्या, डाळी, बियाणं, राहिलेले मोह. ऑक्टोबरचं ऊन चुकवलं तर वर्षभराचं गेलं. एवढा महागाचा माल आणि या शहरी माणसांना एवढं कळू नये, असं मनात आलं.

सिगार कशाचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. मला ती कसल्या तरी झाडाची साल वाटत होती. विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि तेच मला जमत नाही.

मागच्या डेकवर, जिथे आमचे कपडे वाळायचे, तिथे मी धुतलेली पांढरी चादर पसरली. सिगार फडक्याने पुसून ओळीने मांडले. वर घारीसारखे समुद्रपक्षी फिरत होते, म्हणून राखण बसले. दर तासाने एकेक परतला, कुरडई परततात तसा, चारी बाजूंनी सारखं ऊन लागावं म्हणून. चार वाजता हातात घेतले तर कसे खुळखुळ वाजत होते. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पेटीत भरून मी ती परत जागच्या जागी ठेवली.

पारकर साहेब परत आले तेव्हा मी न विचारता सांगितलं. जहाजावर आल्यापासून आपणहून बोललेलं ते माझं पहिलं वाक्य. "साहेब, माल ओला झाला होता. कडक करून ठेवलाय."

त्यांनी एक सिगार उचलून कानाशी दाबला. चर्र असा आवाज आला, आणि वरचं पान उभं चिरलं.

"काय केलंस गो बाये!" एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसले. थोड्या वेळाने त्यांनी सांगितलं. सिगार म्हणजे तंबाखूच्या पानांची गुंडाळी. ती पानं वर्षानुवर्षं ओलसर हवेत जपायची असतात, म्हणून त्या कपाटात पाण्याचं यंत्र. ती पांढरी पूड म्हणजे पानातलं तेल वर आलेलं, चांगल्या मालाची खूण. आणि ती मी पुसून टाकली होती.

एक सिगार तीन हजाराचा. पंचवीसचे पंचाहत्तर हजार. माझा महिन्याचा पगार त्याच्या चौथाईपेक्षाही कमी. कंपनीला कुणाच्या तरी नावावर टाकणं भाग होतं, ते माझ्या नावावर पडले. दर महिन्याला तीन हजार कापायचे ठरलं. म्हणजे पंचवीस महिने, महिन्याला एक सिगार माझ्या पगारातून जळणार आणि धूर कुणीच घेणार नाही.

"आणि ही पेटी?" लोबोने विचारलं.

"तिची तिला द्या," साहेब रागाने म्हणाले. "पैसे ती भरणार, माल तिचा. चुलीत घाल म्हणावं."

त्या दिवसापासून जहाजावर माझं नाव पडलं. रोज सकाळी लोबो विचारायचा, "काय हिराबाई, आज काय वाळवणार? व्हिस्की?" भटारखान्यातले म्हणायचे, "आमचे उशीचे अभ्रे राहिलेत." मी हसत नव्हते आणि रडतही नव्हते. घरी पैसे कमी का येतात ते नवऱ्याला सांगितलं. त्याने फोनवर सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "बा काय करायचा तुझा? आपट्याच्या पानाचं?"

आणि मला एकदम माझा बा आठवला.

बा आपट्याच्या पानाची बिडी वळायचा. आई रानातून पानं आणायची, ती सुकवून जुड्या बांधायच्या. पण सुकं पान वळायला गेलं की मोडतं. म्हणून बा आदल्या दिवशी पानं एका डब्यात ठेवायचा आणि सोबत ओल्या फडक्यात गुंडाळलेलं माठाचं खापर. पाणी पानाला लागू द्यायचा नाही. मी लहान असताना एकदा मदत म्हणून पानांवर सरळ पाणी शिंपडलं, तर बा म्हणाला, "पानाला पाणी दाखवायचं गो, पाजायचं नाय."

सिगार पानाचा असतो हे कुणी आधी सांगितलं असतं, तर तो दिवस आलाच नसता. सालीचं मला काही कळत नव्हतं. पान मला कळत होतं.

पुढच्या सुट्टीत मी घरून धान्याचा पत्र्याचा डबा आणि फुटक्या माठाचं खापर घेऊन आले. बंदरावरच्या तपासणीत शिपायाने विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "खापर." त्याने दोनदा उलटंपालटं करून बघितलं आणि जाऊ दिलं. माझ्या बिछान्याखाली डबा ठेवला. तळाला ओलं करून पुसलेलं खापर, त्यावर दोन काड्या, त्यावर सिगारची उघडी पेटी. तिसऱ्या दिवशी खापर काढून पुन्हा ओलं करायचं, सिगार अर्धवळण फिरवायचे.

सुरुवातीला मी घाई केली. खापर जास्त भिजलं आणि दोन सिगार फुगून उभे फाटले. एक उन्हाच्या दिवशीच चिरलेला होता, आणखी एक माझ्या हातातच फुटला. असे चार गेले. मग मी घाई सोडली. दिवाळी गेली, संक्रांत गेली. शिमग्याच्या सुमारास एक दिवस सिगार कानाशी दाबला, तर आवाज नाही. नुसता मऊ दबला आणि परत वर आला. मी बिछान्यावर बसून एकेक दाबून बघितला. एकवीस, आणि एकवीसच्या एकवीस मुके.

मे महिना संपला, जहाज पावसाळ्यासाठी बंद झालं. डबा मी घरी आणला. आमच्याकडच्या पावसात भिंतीलासुद्धा घाम येतो. म्हणून आता उलटं केलं. खापर काढलं आणि भाताचा तूस फडक्यात बांधून आत ठेवला, जास्तीची ओल त्याने ओढावी म्हणून. फाटलेल्या चारातला एक मी आणि नवऱ्याने घरामागे बसून पेटवला. लोबोने शिकवलेलं मी त्याला सांगितलं, धूर आत घेऊ नको. त्याने बिडीसारखा ओढला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकला.

"तीन हजार याचे?" तो म्हणाला. "आणि लोक हसत हसत देतात?"

मीही ओढला, खोटं कशाला बोलू. तोंडात फिरवला. आधी कडू, मग भाजल्या शेंगदाण्यासारखा, मग मागून किंचित गोड. त्या तासाचे पैसे लोक का देतात ते मला तेव्हा कळलं.

ऑक्टोबरात जहाज परत निघायचं होतं. मी डबा घेऊनच परत कामावर आले. आदल्या दिवशी पारकर साहेबांनी सिगारचं कपाट उघडलं आणि तसेच उभे राहिले. बंदच्या चार महिन्यांत यंत्रातलं पाणी संपलं होतं, कुणी भरलं नव्हतं, आणि हवा सुकवणारा एसी आणि पंखा मात्र चालूच होते. सगळा माल काटक्यांसारखा. एकेक पेटी उघडायचे, कानाशी दाबायचे, बाजूला ठेवायचे. यंत्राकडे लक्ष ठेवायचं काम कंपनीने त्यांच्याच नावावर लिहून दिलं होतं.

"उद्या वसुधाताई येणार," ते लोबोला म्हणाले. "काय देऊ त्यांना? नवा माल यायला आठ दिवस."

वसुधाताई म्हणजे नागपूरच्या, जंगलखात्यातल्या मोठ्या पदावरून निवृत्त झालेल्या. दरवर्षी यायच्या आणि बायकांत एकट्या सिगार ओढायच्या. आदल्या वर्षी त्यांनी एक सिगार दोन झुरक्यांत परत केला होता, "हा मेलाय" म्हणून. यंदा त्यांची सत्तरी होती. अकरा मैतरांना घेऊन त्यांनी ती खोली तीन दिवसांसाठी आपल्या नावावर घेतली होती. त्यांनी तक्रार केली असती तर साहेबांची नोकरी राहिली नसती.

मला बोलायचं होतं, पण शब्द फुटेना. मी खाली गेले, डबा उचलला, वर आणला आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवून झाकण काढलं.

साहेबांनी एक उचलला. कानाशी दाबला. परत दाबला. मग हुंगला. "हे कुठून आणलेस?"

"तेच साहेब. वाळवणाचे."

लोबो फळीमागून बाहेर आला. त्यानेही एक उचलून कानाशी दाबला.

"किती आहेत?" साहेबांनी विचारलं.

"एकवीस. पण बाईसाहेबांना आधी सांगायचं."

"काय सांगायचं? उन्हात घातले होते म्हणून? वेडी का खुळी?"

"जुनं लुगडं नवं म्हणून विकायचं नाय, साहेब."

"मग तूच सांग," ते वैतागून म्हणाले. मी सांगणार नाही याची त्यांना खात्री होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जहाज निघालं. वसुधाताई काचेजवळ बसल्या. मी थाळीत सिगार घेऊन गेले, उभी राहिले आणि सगळं सांगितलं. माझी नजर पूर्ण वेळ त्यांच्या चपलांवर होती. चादर, ऊन, कुरडई, खापर, बा, तूस, सगळं. मधे थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

त्यांनी एक उचलला. टोक कापलं, पेटवला. पहिला झुरका. मग दुसरा. पुढे मी मोजायचं सोडलं आणि राखेकडे बघत राहिले. राख नखाएवढी झाली. मग पेराएवढी. मग दोन पेरं. पडत नव्हती.

"थोडा वास गेलाय," त्या म्हणाल्या. "उन्हाने नेलाय तो. पण पान जिवंत आहे. वीस वर्षं मी जंगलात बिडीच्या पानांच्या गाड्या तपासल्या, मेलेलं पान परत आणणारी बाई पाहिली नव्हती." मग एकदम त्यांना हसू फुटलं. "दर तासाला परतलेस? कुरडईसारखे?" हसताना राख त्यांच्या साडीवर पडली आणि त्यांनी ती पुसलीसुद्धा नाही.

मग म्हणाल्या, "याच्याबरोबर काय घेऊ? तूच सांग."

मी लोबोकडे बघितलं. त्याने चार पेल्यांत थोडं थोडं ओतलं आणि माझ्यापुढे सरकवलं. मी पीत नाही. पण माहेरी मोहाची भट्टी लागायची, वासावरून पहिली धार कुठली आणि फिकी कुठली ते मला लहानपणापासून कळतं. चारही हुंगले. तीन धुराचे, तिखट. चौथ्यात काकवीचा वास होता. "ही द्या," मी म्हटलं. "सिगारचा गोडवा उन्हाने गेलाय. हिच्यात आहे."

ती रम होती. वसुधाताईंनी एक घोट घेतला, एक झुरका घेतला आणि खुर्चीत मागे टेकल्या. "सगळ्यांना हेच," त्या म्हणाल्या.

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझी कपात मी माफ करून घेतो."

"माफी नको," मी म्हटलं. त्या दिवशी मी एवढं बोलले होते की आणखी दोन वाक्यं जड नव्हती. "माल माझा आहे. ज्या भावाने माझ्या नावावर टाकला, त्या भावाने घ्या."

साहेबांनी हिशेब मांडला. नोव्हेंबर ते मे असे सात महिने कापलेले, म्हणजे सात सिगार माझ्या पैशाचे. त्यातले चार फुटले, तीन माझे राहतील. उरलेले अठरा विकले गेले की मी मोकळी.

तीन दिवस त्या खोलीत हसण्याचा आवाज होता. म्हातारी माणसं समुद्राकडे तोंड करून बसायची, धूर सोडायची, कॉलेजातल्या गोष्टी काढायची. पहिल्या दिवशी सात गेले. दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार. मुंबईच्या इमारती दिसायला लागल्या, ती मंडळी सामान बांधायला गेली, आणि थाळीत अठरावा तसाच राहिला.

"असू दे," साहेब म्हणाले. "पुढच्या फेरीत जाईल."

लोबोने फडकं खांद्यावर टाकलं, पाकीट काढलं आणि बक्षिशीच्या नोटा फळीवर मोजल्या. "मला दे," तो म्हणाला.

"तुमी तर ओढत नाय," मी म्हटलं.

"वर्षभर तुझ्यावर फुकट हसलो, हिराबाई. एवढं भाडं तर दिलं पाहिजे."

त्याने तिथेच तो पेटवला आणि राख न झटकता शेवटपर्यंत ओढला.

त्यानंतर कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आली. सुकलेला बाकी मालही मी चार महिन्यांत खापरावर परत आणला, निम्म्याहून थोडा जास्त. बाकीचा गेला, त्याची हळहळ अजून आहे. पुढची पाच वर्षं नवी माणसं लागली की साहेब त्यांना माझ्याकडे पाठवायचे आणि मला तोंड उघडून शिकवावं लागायचं. माझ्या तीन सिगारांतला एक साहेबांना त्यांच्या निरोपाला दिला, एक वसुधाताईंना पुढच्या वाढदिवसाला. तिसरा इथे घरी डब्यात आहे. दर रविवारी दाबून बघते. मऊ आहे.

पण त्या दिवसाचं राहिलं. लोबोच्या नोटा घेऊन साहेबांनी कपातीची वही काढली. माझ्या नावाच्या पानावर सात महिन्यांच्या सात ओळी होत्या. त्याखाली त्यांनी आठवी लिहिली, अठरा सिगार, चौपन्न हजार. बेरीज केली आणि वही माझ्याकडे फिरवली, सही कर म्हणाले. मी सावकाश, शाळेतल्यासारखं, पूर्ण नाव लिहिलं. वर आकडा होता पंचाहत्तर हजार, आणि त्याच्यापुढे साहेबांनी लाल शाईने लिहिलं होतं, पुरे फिटले.